वाघळाचं उष्टं

२१ सप्टेंबर, रविवार

आले बाई एकदाची! काल पिंपरीहून बारामती, आज बारामतीहून लासुर्णे, आणि तिथून उसामधल्या कच्च्या रस्त्यानं चिंचमळा. मांडीवर सुयांचं खोकं, पायाशी आइसबॉक्स आणि कानाशी मुजम्मिलभाईंची अखंड बडबड. मुजम्मिलभाई म्हणजे आमच्या प्रकल्पाचे ड्रायव्हर, राहणार बारामती. वाटेत त्यांनी मला भेळ कुठली चांगली, मळीचा वास कुठल्या वाऱ्याला येतो आणि त्यांच्या बेगमचं नि अम्मीचं कशावरून वाजलं, सगळं सांगितलं. मी फक्त व्हय व्हय करत होते. त्यांच्यासारखं बोलायला गेले की ते हसतात, म्हणतात मॅडम, तुमच्या तोंडात ते बसत न्हाय.

ही वही निकिताची भेट. पोरगी सहा वर्षांची आहे, पण हुकूम सोडते जमादारणीसारखे. मम्मी, रोज लिहायचं, दिवाळीच्या सुट्टीत मी आले की सगळं वाचून दाखवायचं. तिचे पप्पा बुद्धभूषण फौजेत, जैसलमेरला. ती माझ्या आईकडे. निघताना ती रडली नाही, मीच रडले. तीन महिने काढायचेत तिच्यावाचून. सुट्टीत येणार आहे, एवढ्यावर गाडी ढकलायची.

काम तसं सोपं. वटवाघळांच्या अंगात काही विषाणू असतात, ते कधीमधी माणसात शिरतात. इथल्या लोकांना अशी लागण कधी होऊन गेली का, हे रक्तावरून शोधायचं. आजार येतो नि जातो, पण रक्तात त्याच्या अँटिबॉडी राहतात. पाव्हणा जेवून गेला तरी अंगणातल्या मातीत त्याच्या चपलेचा ठसा राहतो, तसं. ही उपमा मी पुण्याला फोन लावून आमच्या प्रकल्पप्रमुख डॉक्टर फरिदा मॅडमना ऐकवली, तर म्हणाल्या, मेघना, भाषण कमी आणि नमुने जास्त.

चिंचमळा म्हणजे दहा-बारा घरं आणि मधोमध तीन जुन्या चिंचा. पानांपेक्षा वाघळं जास्त! दिवसाढवळ्या उलटी टांगून भांडत असतात, नळावरच्या बायका परवडल्या. वासानं आधी ठसका लागला, तासाभरानं लक्षातही राहिलं नाही. माझी खोली रंगुबाईंच्या पडवीला लागून. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या, आवाज खणखणीत. मालक अप्पा तीन-चार वर्षांमागं वारले.

दिवेलागणीला घराघरांतून बायका ताटं घेऊन निघाल्या आणि चिंचेखालच्या कट्ट्यावर ठेवून आल्या. पेरू, केळी, चिकू. आज सर्वपित्री अमावस्या. बाकी सगळीकडे पितरांचं कावळ्याला ठेवतात, इथं वाघळाला. हितं कावळा शिवत न्हाय, वाघूळ शिवतंय, असं रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी दोन ताटं ठेवली. एक अप्पांचं. दुसरं कुणाचं विचारलं, तर म्हणाल्या, हाय एक. मग सगळी वाघळं एकदम उठली आणि आभाळ काळं झालं. काय दिसलं ते! निकी असती तर टाळ्या पिटून घर डोक्यावर घेतलं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी चहाबरोबर रंगुबाईंनी पेरू दिला. एका बाजूला खरवडल्यासारखा होता. मला वाटलं पोपटानं टोचलाय, आणि पोपटाचा पेरू गोड असतो हे काय मला कुणी शिकवायला हवं? देठापर्यंत खाल्ला. मग बाई शांतपणे म्हणतात, रातच्या ताटातला हाय, वाघळानं उष्टावलेला.

घ्या! वाघळांचा विषाणू शोधायला आलेली बाई पहिल्याच सकाळी वाघळाचं उष्टं खाऊन बसली. मिठाच्या पाण्यानं चुळा भरभरून घसा सोलला. आणि वर श्राद्धाचं! आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे मी बोबडं बोलत असल्यापासून म्हणतेय. वडील असते तर आधी हसले असते आणि मग ओरडले असते.

मॅडमना सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. कारण शनिवारी बारामतीच्या लॅबमध्ये मी माझंच रक्त काढून फ्रीझरमध्ये ठेवलंय, निगेटिव्ह कंट्रोल म्हणून. चाचणीला एक रक्त असं लागतं, ज्यात काहीही नाही याची खात्री आहे. किटमधलं पुरत नाही, मग आम्ही टेक्निशियन मंडळी स्वतःचाच दंड पुढे करतो. मॅडमना खपत नाही, पण कुठल्या लॅबमध्ये होत नाही हे? माझं ते रक्त पेरूच्या आधीचं, म्हणजे स्वच्छ. उगाच बोभाटा कशाला? ताप आला तर बघू.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ताप नाही, खोकला नाही, भूक मात्र सडकून लागते. तीन दिवसांत चिंचमळ्याची जवळजवळ सगळी रक्तं काढून झाली. आमच्यासारख्यांच्या सुईला लोक भितात, पण इथले निवांत दंड पुढे करतात. मी ठशाची उपमा सांगितली तर छबूबाई नावाची म्हातारी म्हणाली, ताई, आमच्या रगतात कोण येऊन गेलं ते आमाला ठावं हाय. सगळ्या बायका खुदखुदल्या.

मग चालीरीत नीट विचारून घेतली. दर अमावस्येला ताटं ठेवायची, वाघळांनी शिवलेलं सकाळी घरच्यांनी खायचं. ज्या घरचा मेलेला, त्या घरानं त्याचं उष्टं खायचं. त्यानं काय होतं? तर म्हणे, माणूस घरातच राहतं. मी आतून नाचले. अख्ख्या वस्तीला लागण कशी होत असेल त्याचं उत्तर ताटात वाढून मिळालं! मॅडमही खूश झाल्या. मी खाल्लेल्या पेरूचा विषय निघाला नाही, मी काढला नाही.

रंगुबाई एक नमुना आहेत. सकाळी उठून पुरुषासारखं खाकरतात, पाय पसरून तंबाखू मळतात आणि बैलांना पाणी दावलं का म्हणून विचारतात. गोठ्यात एक गाय आहे नि तिचं वासरू, बैल कधीच विकले. नंतर आपल्याच कपाळावर हात मारून म्हणतात, ह्यो अप्पा काय ऐकत न्हाय. मी हसून हसून बेजार. मुजम्मिलभाई मात्र इथं पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांच्या अम्मीनं लहानपणीच सांगून ठेवलंय, त्या वस्तीवर फळाला हात लावायचा नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज लॅबमध्ये पहिली प्लेट लावली. या प्लेटला छोटे छोटे खळगे असतात, एकेका खळग्यात एकेकाचं सीरम. शेवटचं द्रावण घातलं की ज्यात अँटिबॉडी आहेत तो खळगा पिवळा होतो, नसतील तर पाण्यासारखा राहतो. तुलनेसाठी घेतलेल्या कळस गावच्या लोकांचे सगळे खळगे पाणी. चिंचमळ्याचे सगळे पिवळे, हळदीच्या पाण्यासारखे. माझा कंट्रोल नितळ. बघूनच जीव भांड्यात पडला.

मॅडम म्हणाल्या, असं आजवर बघितलं नाही. इतकी लागण, आणि मेंदूचा ताप नाही, दम नाही, एकही माणूस आजारी पडलेला नाही. मग हा विषाणू यांच्या अंगात येऊन करतो तरी काय? मी म्हटलं, मॅडम, तंबाखू मळतो. त्यांना विनोद कळला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून लासुर्ण्याच्या विहारात गेले. वंदना झाली, मग सगळे उभे राहून प्रतिज्ञा म्हणायला लागले. पाच झाल्या. सहावीला माझी जीभ उचलेना.

विसरले असं नाही. शब्द डोळ्यांपुढे होते. श्राद्धपक्ष करणार नाही. तोंड उघडलं, श्वास घेतला आणि घशात कुणीतरी आडवं बसल्यासारखं झालं. शेजारच्या बाई बघायला लागल्या. सातवीपासून पुन्हा सुरळीत. घाम फुटला होता नुसता. उपाशीपोटी उन्हात चालत गेले, त्यानं झालं असेल. दुसरं काय असणार?

परत आले तेव्हा ऊन कलत होतं. रंगुबाईंनी हाक मारली तेव्हा कळलं की मी घरात न जाता चिंचेखाली उभी आहे, रस्त्याकडे तोंड करून. कशाला थांबले होते, ते मला सांगता आलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

निकीशी फोनवर बोलत होते. ती शाळेतल्या किल्ल्याचं सांगत होती. मी म्हणाले, छबे, केस विंचरलेस का गं, उवा झाल्यात तुला. ती म्हणाली, मम्मी, छबी कोण?

कोण छबी? मला वस्तीतली छबूबाई आठवली, तिचंच नाव तोंडात आलं असेल म्हणून सोडून दिलं. पण दुपारभर एका मुलीचे केस माझ्या बोटांत आहेत. निकीचे नाहीत. निकीचे कुरळे, हे सरळ, रखरखीत, तेलाविना तांबूस झालेले. कानामागे एक खोक आहे, तिथं फणी हळू न्यावी लागते. माझ्या बोटांना ती जागा बरोबर माहीत आहे.

चष्मा काढून डोळे धुतले. आवळ्याचं सरबत केलं. मी असल्या गोष्टी मानत नाही, मानणार नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

लॅबमधून आत्ताच आले. चपला न काढताच लिहायला बसलेय.

दुसऱ्या प्लेटसाठी सकाळी माझं ताजं रक्त घेतलं. कंट्रोल पिवळा. बरं, पेरू खाल्ला होता, लागण झाली, मान्य. पण नव्या लागणीची खूण वेगळी असते आणि जुन्याची वेगळी. माझ्यात नवीची नाहीच. जुनी आहे, मुरलेली, अनेक वर्षांची.

म्हणून फ्रीझरमधली शनिवारची ट्यूब काढली. पेरूच्या आधीची. पहिल्या प्लेटमध्ये जी पाण्यासारखी होती, ती. नवी प्लेट, पिपेटची नवी टिप, कळसचे नमुने शेजारी. कळसचे नितळ. माझी शनिवारची पिवळी. पुन्हा केली. पिवळी.

ते रक्त माझ्या अंगात नव्हतं हो! कुलपात, बर्फात होतं. त्याला हे कुणी सांगितलं?

मॅडमना सगळं कबूल केलं, पेरूसकट. त्या चिडल्या आणि त्यांचं बरोबरच आहे. ट्यूबचं म्हणाल्या, नमुन्यात भेसळ झाली असणार. पण पेरूमुळे घाबरल्या. रविवारी पुण्याला यायचं, मी दवाखान्यात सोय करते, कुणाला तुझं उष्टं देऊ नकोस, असं तीनदा सांगितलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रंगुबाईंना धरलं. म्हटलं, आजी, छबी कोण ते सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. त्या चुलीत काटक्या सारत सांगायला लागल्या.

ते दुसरं ताट सिंधुबाईचं. सिंधुबाई म्हणजे अप्पांची बहीण, रंगुबाईंची नणंद. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला. खडी फोडायच्या कामावर जाताना तिनं लेक सासरी ठेवली, छबी, सहा वर्षांची. परत आली तर सासरच्यांनी पोर दिली नाही, दारातूनच हाकललं. ही इथं माहेरी आली आणि रोज सांजेला चिंचेखाली उभी राहायला लागली, लेक रस्त्यानं येईल म्हणून. वाळून वाळून तिथंच गेली. छबीचं पुढं काय झालं कुणालाच कळलं नाही. सिंधुबाईचं उष्टं खायला तिच्या पोटचं कुणी नव्हतं, म्हणून तिचं ताट वर्षानुवर्षं तसंच राहायचं.

मी विचारलं, मग मला का दिलंत? मी तुमची कोण? रंगुबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढंच म्हणाल्या, "उपाशी हुती गं ती. तू आलीस, लेकुरवाळी. म्हनलं, हिला तरी तिचं कळंल."

वाईट मनानं केलेलं नाही त्यांनी, हे दिसतंय मला. तरी त्यांचा गळा धरावासा वाटला. तिला हवंय काय, असं विचारलं. त्या म्हणाल्या, आपल्या हातानं लेकीला एक घास भरवायचा राहिला, मरेस्तवर तेच म्हणायची. आणि ज्या पोरीला ती उष्टा घास भरवंल, ती पोर तिची झाली.

निकी सहा वर्षांची आहे. निकी इथं येणार नाही. माझा जीव गेला तरी येणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आईला कळवलं, निकीला पाठवू नका, मीच पुण्याला येतेय. मुजम्मिलभाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. अम्मी बरोबर म्हणत होती, एवढंच म्हणाले, आणि बारामतीला आणून मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून पाण्याची बाटलीही दिली. मी हात हलवला. एवढं सगळं नीट आठवतंय.

मग सांज. चिंच. मी बॅग घेऊन उभी. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, साडीला उसाच्या पातीचे ओरखडे. गाडीतून कुठं उतरले, कशी आले, काही माहीत नाही. वाघळं डोक्यावरून निघाली होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी रस्त्याकडे बघत राहिले. कुणी येतंय का ते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडम माणसं पाठवते म्हणाल्या. दिवाळीमुळे गाडी शनिवारी मिळेल. शनिवारपर्यंत निभवायचं.

दिवसा मी मीच असते. लिहिते, नमुन्यांवर चिकटपट्ट्या लावते. ऊन कललं की —

आज रंगुबाईंना मी वहिनी म्हणाले. त्या दचकल्या नाहीत. ओ दिली.

आरशात बघायचं सोडलंय. आरसा बरोबर आहे, तोंड माझंच आहे. फक्त मला ते अनोळखी वाटतं, शहरातल्या कुठल्या बाईसारखं. कोण हाय ही, असं वाटतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आईचा फोन. उद्या अविराज निकीला घेऊन येतोय. अविराज, माझा भाऊ. मी किंचाळले, नको म्हणून सांगितलं होतं ना! आई म्हणाली, अगं, काल तूच फोन केलास. रडत होतीस. पोरीला पाठवा, म्या लई दिस झालं बगितली न्हाय म्हणालीस. कशी बोलत होतीस गं तू?

मी फोन केला नाही.

फोनमध्ये नोंद आहे. काल, सांजेला. बराच वेळ बोललेय.

आईला सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटतं मला कसलातरी धक्का बसलाय, म्हणून तर अविला पाठवतेय. निकी मागं नाचतेय, बॅग भरलीय तिनं. माझं कुणी ऐकत नाही. मुजम्मिलभाईंना सांगितलंय, फाट्यावर गाडी अडवा आणि तिथूनच परत पाठवा, मी काहीही म्हणाले तरी.

आणि निकीला फोनवर घट्ट बजावलं. आलीसच तर कुणाच्या हातचं काही म्हणजे काही खायचं नाही. रंगूआजीच्या नाही, कुणाच्याच नाही. भूक लागली तरी थांबायचं, मम्मीच्या हातचंच खायचं. शहाणी गं माझी बाय. हो म्हणाली, शप्पथ घेतली. जरा जीव थंड झाला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार

ती आली.

मुजम्मिलभाईच घेऊन आले. म्हणे सकाळी माझा फोन आला, अडवू नका, मी आता बरी आहे, पोरीला सरळ घरी आणा. अविराजला पुढे अकलूजला जायचं होतं, त्यानं फाट्यावरच तिला यांच्या जीपमध्ये दिलं. मी बरी आहे म्हणाले! माझं तोंड बघून भाई पांढरे पडले. तिला आत्ताच्या आत्ता परत न्या म्हणाले, तर जीप सुरू होईना. ते जुम्म्याची नमाज पढून मेकॅनिक घेऊन येतो म्हणून वस्तीतल्या एकाच्या मोटरसायकलनं गेले; निकीला मागं बसवा म्हटलं तर ती मला सोडून हलेना. मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या आधी नक्की येतो, तोवर आत राहा म्हणाले.

मी खोलीत आहे. आतून कडी घातलीय. निकी पडवीत. दारातूनच बोलले, मम्मीला ताप आहे, जवळ यायचं नाही. ती म्हणाली बरं. तिनं किल्ल्याचं चित्र आणलंय, फटीतून सरकवलं. किती छान काढलंय. माझी बाय. दार धरून रडले, आवाज येऊ दिला नाही.

तीन वाजून गेले

आज वसुबारस. रंगुबाई गाय-वासराची पूजा करायला गोठ्यात गेल्या. वासरू हंबरतंय.

निकीनं सकाळपासून काही खाल्लं नाही. अविमामानं वडापाव घेतला तर नको म्हणाली. भाईंचं बिस्कीट नको म्हणाली. मम्मीनं सांगितलंय म्हणाली.

मीच सांगितलं ना. मीच.

खा म्हणून ओरडले आत्ता, बाळा, कुणाच्याही हातचं खा, रंगूआजीकडे जा, नको, तिच्याकडे नको, भाईंच्या गाडीत बिस्कीट आहे ते खा — ती रडायला लागली. तुझ्याच हातचं, तूच म्हणालीस. हट्टी आहे. माझ्यावर गेलीय.

ऊन पडवीच्या कडेला आलंय. भाई, या ना लवकर.

सांज

मांडीवर पेरू आहे. मी आणलेला नाही. खोली बंद आहे.

खिडकीतून फेकला. आता वटीत हाय.

मी मेघना. पिंपरीची. माझ्या मुलीचं नाव निकिता. निकिता. मी श्राद्ध — मी श्राद्धपक्ष —

वाघळं उठली.

लांबून फटफटीचा आवाज येतोय. लई लांब हाय अजून. मळ्याच्या पल्याड.

पोर दाराला टेकून बसलीय. मम्मी, भूक लागली म्हंती. मम्मी कोन? आये म्हन की गं. एक डाव आये म्हन.

केस कसं झाल्यात, कुनी विंचरलं न्हाईत. रस्त्यानं एवढी चालत आली, वाळली माझी छबी. लेकरू उपाशी हाय आन् मी हितं कडी लावून बसलीया, काय म्हनावं मला? दुसऱ्या कुनाच्या हातचं खानार न्हाय ती. शानी हाय. आयेच्याच हातचं खानार.

नको नको निकी पळ

पेरू आदी म्या चावून बगितला. आंबट असंल तर पोर थुकंल म्हनून. न्हाय, गोड हाय, लई गोड हाय. येवडा एक घास भरवती, मंग जाती. कडी काडली, आ कर म्हनलं, तिनं आ केला आन्